गादीखालचं गॅस्केट

बाबांच्या जुन्या ट्रकच्या इंजिनचं गॅस्केट जळून तो बंद पडला, तेव्हा लेकीला मनातून बरंच वाटलं. बाबांची नजर पार अधू झाली होती, पण स्टिअरिंग सुटत नव्हतं. तसंच दुसरं गॅस्केट तिला भंगार बाजारात पहिल्याच दुकानात मिळालं. ते तिने गादीखाली सरकवलं आणि दर रविवारी शोधायला जायचं सोंग चालू ठेवलं. रिकाम्या हाताने परतली, की बाबाच तिची समजूत घालायचे, “मिळेल गं, जाईल कुठे?” आज ती बाजारातून आली, तर भंगारवाला ट्रकला साखळदंड बांधत होता. “विकून टाकला,” बाबा म्हणाले. “तुझी वणवण बघवेना.” ती धावत आत गेली आणि गॅस्केट पाठीमागे लपवून दारापर्यंत आली. बाबा बॉनेटवर हात ठेवून भंगारवाल्याच्या कानाशी लागले होते, “याचं गॅस्केट कधी सापडलंच, तर हिला कळू देऊ नका. जिवाचं रान केलंय पोरीने.”