आशीर्वादाची रांग

"आई, मान सरळ ठेवा. वेणी वाकडी होतेय."

"होऊ दे. देव काय माझी वेणी बघत बसणार आहे?"

कात्रीवाला हसला आणि त्याने पुन्हा कंगवा फिरवला. दुकानात लोकांचे केस कापता कापता त्याचे स्वतःचे पांढरे झाले होते. वेणी घालायला मात्र त्याला बायकोनं शिकवलं होतं. शेवटच्या आजारपणात, अंथरुणावर पडल्या पडल्या.

दाराशी म्हातारीची बॅग भरून ठेवली होती. आज चर्चमध्ये आयांसाठी आणि आजाऱ्यांची सेवा करणाऱ्यांसाठी खास उपासना होती. ती संपली की म्हातारी परस्पर चर्चच्या वृद्धाश्रमात जाणार होती.

महिन्यापूर्वी न्हाणीघरातून तिला उचलताना त्याच्या कमरेत अशी कळ आली, की दोघंही ओल्या फरशीवर बसली. शेजारी कामावरून परतेपर्यंत तशीच बसून होती. "पुन्हा उचलायला गेलात, तर तुम्हालाच कुणीतरी उचलावं लागेल," असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. वृद्धाश्रमाचा विषय म्हातारीनंच काढला. त्याला दोन दिवस घास गिळवला नाही.

चर्चमध्ये ते पोचायच्या आधीच बातमी पोचली होती. त्याने चाकांची खुर्ची बाकाच्या कडेला लावली, तिच्या गुडघ्यांवर शाल नीट केली. मागच्या बाकावर निवृत्त शाळामास्तरीण बसल्या होत्या. त्यांची कुजबुज नेहमीच चार बाकांपर्यंत जायची.

"आईला सोडायला दिवस बरा शोधला!"

"पोटचा मुलगा असून असं," शेजारची म्हणाली. "मुलगी असती तर ही वेळ आली नसती."

कात्रीवाल्याचे कान लाल झाले. गीताचं पान काढून त्याने पुस्तक म्हातारीच्या हातात दिलं.

पाळक मंडळीत नवे होते, तरुण होते. प्रवचन त्यांनी आटोपशीर केलं. मग म्हणाले, "आता आयांनी मुलांना घेऊन पुढे यावं आणि त्यांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्यावा."

बाकं करकरली. रांग लागली.

"आपलं राहू द्या, आई," तो हळूच म्हणाला. "गर्दी आहे."

"ढकल खुर्ची."

त्याने ढकलली. सगळ्यांच्या नजरा पाठीत टोचत होत्या. वेदीपुढे पोचल्यावर खुर्चीचा दांडा धरून तो कसाबसा गुडघ्यांवर टेकला. कमरेतली कळ त्याच्या चेहऱ्यावर उमटली.

म्हातारीचे हात मांडीवरून हलले नाहीत.

पाळक खाली वाकले. "आजी, मुलाच्या डोक्यावर हात ठेवा ना."

"हा माझा मुलगा नाही."

पेटी वाजायची थांबली. मागे कुणीतरी च् च् केलं. शाळामास्तरणींनी शेजारणीला कोपरानं ढोसलं.

पाळक गोरेमोरे झाले. "असं रागावू नका, आजी. तिथे ते रोज भेटायला येतील."

"आई, जाऊ द्या," कात्रीवाला खाली बघत पुटपुटला. "कशाला उगाच?"

"तू गप्प बस."

तिने दोन्ही हात उचलले आणि त्याच्या डोक्यावर ठेवले. मग मान वळवून मागच्या बाकांकडे पाहिलं. तिचा आवाज चढला नाही, पण शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

"माझा मुलगा ऐन तारुण्यात गेला. पुढे माझ्या सुनेनं ह्याच्याशी लग्न केलं आणि येताना मला सोबत घेऊन आली. तीही जाऊन आता बारा वर्षं झाली."