दोनशे रणगाडे, भाकरी किती?

"पंधरा हजार जवान अन् दोनशे रणगाडे घेऊन ही डिव्हिजन रशियात घुसली," विनोदनं ठणकावून वाचलं आणि काकीकडं पाहिलं.

सोनीबाई काकी तुरीची डाळ पाखडत होती. "बाया किती होत्या?"

"फौज होती ते, काकी! जर्मनीची. बाया कायले नेतीन लढाईत?"

"मंग भाकरी कोन थापे?"

विनोदचं डोकं सणकलं. सात वर्षं मोबाइलवर डोळे फोडून त्यानं दुसऱ्या महायुद्धातल्या त्या एका रणगाडा डिव्हिजनचा इतिहास लिहिला होता. चारशे पानं! चारच्या एसटीनं गठ्ठा कारंजाच्या छापखान्यात द्यायचा होता. त्याआधी कुणीतरी ऐकून एकदा 'वा' म्हणावं, एवढीच त्याची भूक. अख्ख्या तांड्यात बसून ऐकणारी ही एकटीच, आणि तिला भाकरीचं पडलेलं!

"सैपाकाची गाडी राहे त्याइच्या संगं."

"अन् दाना?" काकी सोडते होय! ऊसतोडीला वीस जोडप्यांची टोळी तिनं बारा वर्षं नेली होती. ज्वारीची पोती चढल्याशिवाय ट्रक हलू दिला नव्हता, मुकादम कितीही बोंबलो. "पंधरा हजार खानारे. पोती किती नेली, ते वाच."

विनोदनं पानं उलटली. पोलादाची जाडी होती, तोफांची लांबी होती, बिल्ल्यांचे रंगसुद्धा होते. शेवटी एका पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात सापडलं.

"तिथल्या खेड्यातून धान्य घेतलं. गाई घेतल्या."

"इकत?"

"नाही. हिसकून."

"मंग त्या गावच्या लेकराइनं काय खाल्लं?"

"ते लिवलं नाही म्या."

"वा रे भाद्दर!" काकी सूप आपटून हसली. "लोखंडाले चारशे पानं, अन् भाकरीले मुंगीचं अक्षर!"

विनोद लाल झाला. मग त्यालाच फिस्सकन हसू फुटलं.

फाट्यावर एसटीनं हॉर्न दिला. तो उठला नाही. गठ्ठ्याची सुतळी सोडली आणि कोरा कागद मांडीवर घेतला.

"सांग काकी. एका मान्साच्या दिवसाच्या किती भाकरी धरू?"

"भुकेल्याच्या धरतं, का लुटारूच्या?"