एक तरी नाव

कुलसचिव दार न वाजवताच आत आले, तेव्हा समुपदेशक बाईंनी आतल्या खोलीचं दार नुकतंच ओढून घेतलं होतं.

"कोण होतं?" कुलसचिवांनी विचारलं.

"बसा, साहेब."

"बसायला आलेलो नाही." तरी ते बसले. हातातला जेवणाचा डबा त्यांनी टेबलावर आपटला, तसं झाकण उडालं. त्यांनी ते दाबून बसवलं. ते पुन्हा उडालं. "हा एक मेला डबा. आमची ही दर गुरुवारी बहिणीकडे जाते आणि माझ्या नशिबी हे गार जेवण. नवा डबा घे म्हटलं, तर म्हणते, याला नुसती युक्ती लागते."

खोलीत दोन खुर्च्या, एक टेबल, पाण्याचा जग आणि कोपऱ्यात घरघरणारा पंखा. पंखा थंडीतही चालू असायचा, बोलणं बाहेर जाऊ नये म्हणून. आतल्या खोलीला मागच्या जिन्याकडे उघडणारं आणखी एक दार होतं. कुणी अचानक आलं, तर विद्यार्थ्याने आत जायचं आणि वाटलं तर मागच्या मागे निघून जायचं, अशी इथली रीत. ते मागचं दार उघडताना मोठ्याने करकरायचं. अजून करकरलं नव्हतं.

"ही खोली परीक्षा विभागाला द्यायची आहे," कुलसचिव म्हणाले. "आदेश खिशात आहे. पोरं हिला काय म्हणतात माहीत आहे का तुम्हाला? रडायची खोली."

"माहीत आहे. रडतात इथे."

"रडायला घरं नाहीत का त्यांना?"

"काहींना नसतात."

"जीभ चांगली चालते तुमची. मग एवढंच सांगा. इथे येऊन भलं कुणाचं झालं? एक तरी नाव द्या. एकच. आत्ता, तुमच्यासमोर आदेश फाडतो."

"मागच्या हिवाळ्यात एक जण वसतिगृहाच्या गच्चीच्या कठड्यावर चढला होता. खाली उतरला तो थेट इथे आला. ही खोली गेली, तर पुढचा कुठे येईल?"

"नाव?"

"नाही देता येणार."

"म्हणजे असं कुणी नाहीच."

"साहेब, नाव सांगायचं की नाही, ते येणाऱ्याने ठरवायचं. तो माझा हक्क नाही. आईबाप विचारायला आले, तरी मी सांगत नाही."

"पालथ्या घड्यावर पाणी." कुलसचिव उठले. "अहो, माझ्या सहीशिवाय इथे एक प्रवेश होत नाही. माझ्यापासून कसली लपवाछपवी?"

ते आतल्या दाराकडे निघाले. बाई आधीच तिथे जाऊन उभ्या राहिल्या.

"आत कोण आहे?"

"आहे की नाही, तेही सांगणार नाही."

"बाजूला व्हा."

"ढकला. मग होईन."

त्यांनी हात लावला नाही. पण आवाज चढवला, दारापलीकडे जाईल असा. "आत जो कोणी असेल, त्याने कान उघडे ठेवून ऐकावं. दाराआड लपून कुणी मोठं झालेलं नाही. दुःख कुणाला नसतं? घरोघरी मातीच्या चुली. पण आम्ही त्याचा बाजार नाही मांडला. माझ्या घरात इतक्या वर्षांत कुणाच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं नाही."

"तुम्ही पाहिलं नाही," बाई म्हणाल्या.

कुलसचिव बाईंच्या तोंडाकडे बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "रोख कुणाकडे आहे तुमचा? माझा धाकटा दुसऱ्या वर्षाला आहे. तो येतो इथे?"

"हो म्हणणार नाही. नाही म्हणणार नाही."

"तो आहे का आत?"

बाई तशाच उभ्या.

कुलसचिवांनी मोबाइल काढला. बोट दोनदा चुकलं. "कुठे आहेस तू?"

पलीकडून शिट्टी ऐकू आली, पाठोपाठ आरडाओरडा. "मैदानावर, बाबा. मॅच चालू आहे. काय झालं?"

"काही नाही. खेळ तू."

कपाळ पुसून ते हसले, पण हसू काही चांगलं नव्हतं. "बघा. माझ्यासारख्याच्याही पोटात गोळा आणलात. हाच तुमचा धंदा, धडधाकट माणसाला आजारी पाडायचा." त्यांनी आदेश काढून जगाखाली दाबला. "संध्याकाळपर्यंत खोली रिकामी करा. किल्ली शिपायाकडे द्या."

दार आपटून ते गेले.

बाईंनी पंखा बंद केला. आता व्हरांड्यातला आवाज स्पष्ट येत होता. जाता जाता ते ओल्या फरशीवरून शिपायाला झापत होते. बाई मागचं दार करकरायची वाट बघत होत्या.

करकरलं नाही. आतल्या खोलीचं दार उघडलं.

जी बाहेर आली, तिचे केस कानांपाशी पिकले होते. गळ्यात पहिल्या वर्षाचं ओळखपत्र होतं. त्यावर माहेरचं नाव, खाली कुलसचिवांची सही.

"मी काही सांगितलं नाही," बाई म्हणाल्या.

"ऐकलं मी. ते येणाऱ्याने ठरवायचं, म्हणालात ना?"

तिने एकदा वळून मागच्या दाराकडे पाहिलं. मग टेबलापाशी आली. जगाखालचा आदेश काढून घेतला. डब्याचं झाकण जरासं फिरवून एका कडेला अंगठ्याने दाबलं, तसं ते खट्‌कन बसलं. ओळखपत्र पदराआड गेलं होतं, ते तिने बाहेर काढलं आणि पुढचं दार उघडलं.

"अहो," ती व्हरांड्यात जाऊन म्हणाली, "डबा विसरलात."