कुंभारणीचं घर

आळंद मागं पडलं आणि गाडीनं पुन्हा एकदा दम टाकला. तुरीच्या शेताकडेला ती आपोआप थांबली.

संपदा उतरून मागं गेली. पेट्रोलच्या टाकीचं झाकण फिरवलं, तशी हुस्स करून हवा आत ओढली गेली. बुडी मारून वर आलेलं माणूस घेतं तसा श्वास. मागोमाग वास आला आणि ती ओढणी तोंडाला लावून वाकली.

"तुझ्या मामंजींची गाडी त्यांच्यावरच गेलीय," सासूबाई, नलिनीबाई, आत बसूनच म्हणाल्या. "दोन पावलं चालायचं की टेकायचं."

गाडी जुनी, हलकी, दोघांपुरती. डोक्यावर टप नाही. तुरीच्या पिवळ्या फुलांवरून वारा येत होता, ऊन झोपाळलं होतं. तिकडं कलबुर्गीत डॉक्टरीणबाई वाट बघत होत्या. आधी दोनदा संपदाची कूस रिकामी झालेली. आज बाळाचे ठोके ऐकायचे होते.

"झाकण काढलं की चालायलीय, लावलं की बंद पडायलीय," संपदा म्हणाली. "पेट्रोल जेवढं कमी होतं, आत्या, तेवढी हवा टाकीत यावी लागती. त्यासाठी मागं बारीक नळी हाय. तिचं तोंड बुजलंय."

"कामून? कशानं बुजलं?"

संपदानं नळीकडं नुसतं बोट केलं.

नलिनीबाई उतरल्या, गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या. नळीच्या तोंडावर मातीचं इवलंसं मडकं बसलं होतं. कुंभारीण माशीचं घर. ही माशी दारी घर बांधते तेव्हा घरात पाळणा हलतो, म्हणून त्यांनीच गाडीला कोणाला फडकं लावू दिलं नव्हतं.

"तुला ठाऊक होतं?"

"व्हय. पण हात लावायचा न्हाई, म्हणलात तुम्ही." मग हळूच, "झाकण सैल ठेवून जाऊ. वास सोसते मी."

तिचे ओठ पांढरे पडले होते. नलिनीबाई ते बघत राहिल्या. मग त्यांनी अंबाड्यातला आकडा काढला.

"आत्या, नको!" संपदानं त्यांचं मनगट धरलं.

"सोड. कुणाला गुदमरवून कुणाचं भलं होत न्हाई."

आकडा कडेकडेनं फिरला. मडकं अख्खं सुटून तळहातावर आलं. बूड उघडं पडलेलं. आत तांदळाएवढी अळी, अंग मुडपून पडलेली. नलिनीबाईंनी बांधावरची काळी माती चिमटीत घेतली, पिण्याच्या पाण्यात भिजवली, बोटानं मऊ केली आणि बूड लिंपून टाकलं. वर फुंकर घातली. मग ते ओंजळीत धरून आपल्या जागेवर बसल्या.

संपदानं झाकण घट्ट लावलं. गाडी सुरू झाली आणि थांबली नाही. माळ, ज्वारी, मैलाचे दगड मागं सरकू लागले. डोळे पुसत तिनं वेग वाढवला.

"हळू गं बाई," नलिनीबाई ओंजळ न हलवता म्हणाल्या. "लेकरं निजलीत."