ओगुटूची झोप

"तीन वर्षं झाली त्याला पुरून," डोर्सिला म्हणाली. "तरी रोज स्वप्नात येतो. म्हणतो, आई, इथे सगळे झोपले, मलाच कुणी झोपू देत नाही."

डॉ. अपोंडीने खुर्ची पुढे केली, पण म्हातारी बसली नाही. दोन गाड्या बदलून ती गावाहून किसुमू शहरात आली होती आणि प्रयोगशाळेच्या दारातच चपला काढून उभी होती.

"आई, त्याने स्वतः सही केली होती. माझ्यासारख्यांच्या कामी येऊ दे म्हणाला."

"त्याने केली असेल. जन्म मी दिला. मला कुणी विचारलं?"

सिकल सेल या रक्ताच्या आजाराने गेलेल्या ओगुटूच्या कातडीचा तिळाएवढा तुकडा तो जिवंत असतानाच अपोंडीने घेतला होता. त्यातून मूळपेशी केल्या, मूळपेशींतून हृदयाच्या पेशी. बारा वर्षांच्या खटपटीत नीट धडधडलेल्या या एवढ्याच. पुढच्या महिन्यात त्यांच्यावर नवं औषध घालून बघायचं होतं.

"दाखव मला," म्हातारी म्हणाली.

अपोंडीने उबेच्या कपाटातून काचेची झाकणबंद बशी काढली, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. पडद्यावर एक फिकट गोळा आकसत होता, सैल पडत होता.

म्हातारी बराच वेळ बघत राहिली.

"दोन ठोके पडतात, तिसरा चुकतो," ती शेवटी म्हणाली. "लहानपणापासून असंच. छातीला कान लावून बसायची मी."

मग ती बशीजवळ वाकली आणि अगदी हळू गुणगुणायला लागली. अडवायला उचललेला अपोंडीचा हात तसाच राहिला. पडद्यावरचे ठोके संथ होत होते. बाहेर काढलेली बशी गार होते, ठोके मंदावतात. हे तिला पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. तरी तिने बशी उचलली नाही. गाणं संपलं तेव्हा गोळा हलत नव्हता.

"झोपला." म्हातारीने तिचे दोन्ही हात धरले. "आता उठवू नकोस, पोरी."

"नाही उठवत, आई."

ती जिना उतरून गेली. टाकाऊ सामानाचा लाल डबा अपोंडीच्या पायाशीच होता. तिने बशी उचलली, पण परत उबेत ठेवली आणि कपाटाचं दार लावून घेतलं.

वीस मिनिटांनी तिने बघितलं. गोळा धडधडत होता.

तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला. फाटकावरचा पहारेकरी बोलत होता.

"डॉक्टर, त्या आजी गाडीत बसल्या होत्या. गाडी भरली, सुटायला आली आणि या खाली उतरल्या. आता पुन्हा वर यायचं म्हणतात."

"काही विसरल्या का?"

"नाही," तो म्हणाला. "म्हणतात, पोरगा उठलाय."