भुऱ्याचा घास

भुऱ्याचा कान पुन्हा चिघळला आणि डॉक्टरांनी अँटिबायोटिकच्या गोळ्या लिहून दिल्या. बन्सीलालना मालतीबाईच आठवल्या. कळण्याच्या भाकरीच्या घासात कुत्र्याची गोळी दडवून त्या नवऱ्याला दटावायच्या, "आधी तुमनी बीपीनी गोळी ल्या. तुमले देखाशिवाय हाऊ तोंड उघाडत नही." मग भुऱ्यापायी बन्सीलाल कुरकुरत आपली गोळी गिळायचे. मालतीबाई गेल्या आणि त्यांची गोळीही सुटली.

आज त्यांनी भुऱ्याचा घास केला, आपलीही गोळी शोधून काढली. तांब्या घ्यायला वळले, तेवढ्यात भुऱ्यानं कोणाकडेही न बघता घास मटकावला आणि दुसऱ्यासाठी शेपूट हलवू लागला.

बन्सीलाल हातातल्या गोळीकडे बघत राहिले.

"माले फसाडं व तू!" स्वयंपाकाच्या रिकाम्या ओट्याकडे बघून ते म्हणाले आणि त्यांनी मुकाट्यानं तोंड उघडलं.