त्यांच्या हातचा फिल्टर

"हा आवळलाय कोणी? पहिलवानाने?" ट्रकखाली उताण्या पडलेल्या मिस्त्रीने विचारलं.

"आमच्या ह्यांनी," वरून बाईचं उत्तर आलं.

मिस्त्रीने पट्ट्याचा पाना पुन्हा लावला आणि दातओठ खाऊन जोर केला. पाना सटकला, कोपर लोखंडावर आपटलं, पण डिझेल फिल्टर ढिम्म हलला नाही. खरं तर हा हातानेच बसवायचा असतो. रबराला डिझेलचं बोट लावायचं, फिरवायचा, टेकला की आणखी थोडासा, बस्स. पाना लागतो तो काढताना. पण जगात अकलेच्या कांद्यांना काय तोटा!

बाई स्वतःच ट्रक चालवत आली होती. चढावर गाडी धापा टाकायला लागली तशी ती समोर दिसलेल्या या गॅरेजात शिरली. फिल्टर तुंबलाय हे मिस्त्रीने नुसत्या आवाजावरून ओळखलं. मागे गादीची वळकटी, शिलाई मशीन, दोन ट्रंका आणि एकच खुर्ची होती. गाडी वडिलांची, आता तिची. उद्या सकाळी दुसऱ्या गावात कामावर हजर व्हायचंय, आज गाडी निघाली नाही तर कामही गेलं आणि त्यासोबतची राहायची खोलीही गेली, हे तिने उतरल्या उतरल्या सांगून टाकलं होतं.

तिचे डोळे रडून सुजले होते. ती सारखी आल्या रस्त्याकडे बघत होती.

"हात जड होता वाटतं त्यांचा," मिस्त्री म्हणाला.

"जडच." ती म्हणाली, "या गाडीला त्यांनी लावलेला हा शेवटचा हात."

मिस्त्रीने पाना खाली ठेवला. अरे देवा, आणि आपण त्या माणसाला पहिलवान म्हणून मोकळे झालो!

त्याची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिने झाकण घट्ट लावून ठेवलेली एक बरणी अजून स्वयंपाकघरात तशीच होती. आतलं केव्हाच नासलं असेल बाबा, टाकून द्या, असं लेक म्हणाली की तो तिच्या अंगावर धावून जायचा. ते झाकण उघडायची त्याची छाती होत नव्हती.

"फोडा, तोडा, काहीही करा," बाई म्हणाली. "पण लवकर."

फोडायला कितीसा वेळ लागतो? पत्र्यात आरपार स्क्रू-ड्रायव्हर ठोकायचा आणि पिळायचा. फिल्टरची वाट लागते, पण तो निघतो. एरवी त्याने एव्हाना तेच केलं असतं.

"असं नका म्हणू ताई," तो म्हणाला. "दुःखाच्या भरात माणूस काहीही बोलतो आणि मग जन्मभर हळहळतो. मी तो शाबूत काढून देतो."

ती काहीतरी बोलणार होती. पण तिने पुन्हा रस्त्याकडे पाहिलं आणि ओठ मिटले.

मिस्त्रीने फटीत तेल सोडलं. ते मुरेपर्यंत लाकडी हातोडीने कडेकडेने हलकेच ठोकत राहिला आणि ठोकता ठोकता तिला बायकोबद्दल सांगत राहिला, बरणीसकट. ती ऐकत होती. मध्येच तिने विचारलं, शटर ओढून घेता येईल का, ऊन लागतंय. ऊन तर पलीकडच्या बाजूला होतं. पण अशा वेळी माणसाला काय, उजेडसुद्धा सोसत नाही, असं मनाशी म्हणत त्याने शटर अर्धं खाली घेतलं.

मग त्याने पत्र्याभोवती खरखरीत पॉलिश पेपर गुंडाळला, त्यावर पट्टा चढवला आणि श्वास रोखून सावकाश जोर दिला. कर्रकन आवाज झाला. फिल्टर सुटला. पुढचे आटे त्याने हातानेच सोडवले. त्याला इतका आनंद झाला की डोळेच भरून आले.

नवा फिल्टर त्याने नेहमीसारखा हाताने बसवला, पंप मारून आतली हवा काढली आणि तिला किल्ली फिरवायला सांगितली. इंजिन एका दमात सुरू झालं. बाई केबिनमध्ये डोकं स्टिअरिंगला टेकवून जराशी बसली.

तेवढ्यात मिस्त्रीने जुना फिल्टर रिकामा करून पुसला, धुतलेल्या फडक्यात गुंडाळला आणि शटर वर करून तो दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला.

"घ्या ताई. एवढासाही चेपू दिला नाही. आज नकोसा वाटेल, पण पुढे याचाच आधार होईल."

तिने त्या फडक्याकडे पाहिलं, मग मिस्त्रीकडे, आणि गाडी गिअरमध्ये टाकली.

"तुमच्याकडेच असू द्या, काका," ती म्हणाली. "आमचे हे येतीलच मागोमाग. मी जाऊ नये म्हणून, हा तुंबलेला फिल्टर मला बदलताच येऊ नये असा, काल त्यांनीच पाना लावून आवळला होता. त्यांच्या हातात द्या आणि सांगा, निघाला."